पाच शेरांचा फेटिया

राळेगाव, रविवार, ३ मे १९५९

नागपूरच्या क्षयाच्या दवाखान्यातून डॉक्टरांचं पत्र आलं. पत्र कचेरीच्या नावे होतं, पण साहेबांनी अर्धंच वाचून माझ्या टेबलावर टाकलं. म्हणाले, "विमलताई, पेशंट तुमचा, तुम्हीच निस्तरा." तांड्यातल्या देवसिंगला दवाखान्यात घालण्याचा उपद्व्याप माझा, हे इथं कोणी विसरत नाही. ग्रामसेविकेनं बिनधुराच्या चुली आणि बालवाड्या पाहाव्यात, असं सगळ्यांचं मत आहे.

देवसिंगचं एक फुप्फुस गेलेलं आहे, दुसरं चांगलं आहे. वीस मेच्या आत ऑपरेशन झालं तर माणूस वाचेल, असं डॉक्टर लिहितात. पण तो कागदावर अंगठा द्यायला तयार नाही. एकदा बायकोला डोळ्यांनी पाहीन, मग छाती चिरा, असं त्याचं म्हणणं.

बायको म्हणजे रुपी. बावीस-तेवीस वर्षांची असेल. जमनी नावाची चार वर्षांची पोर आहे. मागच्या महिन्यात रुपी दिरासोबत नागपूरला निघाली होती, पण मोटरच्या अड्ड्यावर उन्हात बसल्या बसल्या भोवळ येऊन पडली. दिरानं बैलगाडीत घालून परत नेली. तेव्हापासून सासू पाठवायला तयार नाही.

ती का पडली, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. एप्रिलच्या उन्हात अंगावर गोधडीसारखा जाड घागरा, त्याला आरसे आणि कवड्या, वर तितकीच जड ओढणी, दंडापर्यंत हाडाच्या बांगड्या. मी तिच्या जागी असते तर कळंबपर्यंतही टिकले नसते.

मंगळवार, ५ मे

आज तांड्यावर जाऊन आले. सायकल पंक्चर झाली म्हणून परतताना दोन मैल ढकलत आणली, तरी मन प्रसन्न आहे.

तांड्याच्या प्रमुखांच्या, हरिसिंग नाईकांच्या, ओसरीवर कापूस तोलायचा काटा असतो. रुपीचा धुऊन वाळत घातलेला एक फेटिया (ते घागऱ्याला फेटिया म्हणतात) मी त्यावर ठेवला. पाच शेर भरला! ओढणी, काचळी म्हणजे चोळी, चांदी आणि बांगड्या धरल्या तर ही बाई नऊ-दहा शेर ओझं अंगावर घेऊन वावरते. बायका हसायला लागल्या. नाईकही मिशीत हसले.

रुपीची सासू धुरपताबाई तेवढी हसली नाही. "आमची बाई अशीच जाते," ती म्हणाली. "माही सासू बैलाईच्या मागं मागं अशीच हैद्राबादेपावतर गेलती. तिले नाई भोवळ आली."

मी म्हटलं, "धुरपताबाई, थे मोकळ्या हवेत पायी गेल्या. मोटरीत पत्र्याच्या डब्यात माणसावर माणूस बसते. देवसिंग भाऊले वाचवाचं हाय का नाई?"

शेवटी म्हातारी म्हणाली, "तुमच्या भरोशावर धाडतो बाई. जशी नेसान तशी आणून द्या."

कपडे बदलायचं मी तिथं बोलले नाही. बोलले असते तर संध्याकाळपर्यंत वाद चालला असता आणि रुपी घरीच राहिली असती. जमनी माझ्या सायकलची घंटी वाजवत बसली होती.

शनिवार, ९ मे

बाजारातून कापड आणलं. प्रवासाचे कपडे निवडणं ही एक गोष्ट मला खरंच जमते, आणि इथं कोणाला त्याचं कौतुक नाही, म्हणून वहीला सांगते. उन्हाळ्यात वायलच. रात्री पिळून खिडकीला टाकलं की पहाटे कोरडं, आणि घडी एवढीशी की चार पातळांत एक उशी होते. रंग फिका, कारण गडद रंग ऊन ओढतो. पोलक्याची बाही कोपराच्या वर आणि काखेत दोन बोटं ढिली, नाहीतर घामानं कातडी सोलते. परकराला आतून खिसा शिवायचा, त्यात पैसे आणि चिठ्ठी. आणि काहीही झालं तरी पिशवी एकच. ज्या बाईजवळ दोन गाठोडी असतात ती मोटरीत चढत नाही, चढवली जाते.

रुपीसाठी दोन पातळं घेतली. एक मोतिया रंगाचं, त्यावर बारीक निळी फुलं, दुसरं राखी. दुकानदार लाल दाखवत होता. मी म्हटलं, आगीत तेल कशाला?

पोलकी मीच शिवली. शिवता शिवता माझे दिवस आठवले. ह्यांना विषमज्वर झाला तेव्हा माझ्या हातात डझनभर बांगड्या होत्या, गळ्यात पोत होती, कपाळभर कुंकू होतं. एकवीस दिवस सासूनं मला एक बांगडी काढू दिली नाही. काय उपयोग झाला? आणि सगळं उतरवलं त्या दिवशी, रडून रडून डोळे सुजलेले असताना, अंग हलकं वाटलं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

म्हणून मला या चांदी-कवड्यांचा राग येतो. माणूस जगतो तो औषधानं.

बुधवार, १३ मे

रुपी संध्याकाळी आली. दीर रामधननं बैलगाडीतून आणून सोडलं. उद्या पहाटेची मोटर, म्हणून आज माझ्याच खोलीवर मुक्काम. सोबत भलंमोठं गाठोडं. त्यात दुसरा फेटिया, ओढणी, बाजरीच्या भाकरी आणि नवऱ्यासाठी चिवडा.

जेवण झाल्यावर मी तिला पातळं दाखवली. तिनं हात लावून पाहिलं, "लय मऊ हाय," म्हणाली. पोलकं अगदी मापाचं बसलं. इथवर सगळं बरं चाललं होतं.

मग केसांवर आलो. त्यांच्या बायका कानांजवळच्या बटांत चांदीची घुगरी गुंफतात, प्रत्येक बाजूला पावशेर तरी असेल. मी ती सोडायला लागले तर तिनं माझा हात धरला.

"हे नोका काढू बाई. हे काढाचं नसते."

"काहून नसते? मोटरीत डोकं टेकता येनार नाई तुले. पुन्हा भोवळ आली तर मी एकटी काय करू?"

"मंग संगं घेऊ. तिथं गेल्यावर घालीन. फेटिया बी घेऊ. दवाखान्याच्या बाहीर कुठंबी बदलून घेईन."

मी तिला समजावलं. वर्ध्याला गाडी बदलायची, गर्दीत गाठोडं कोण सांभाळणार, चांदी दिसली की चोर मागं लागतात, आणि रोग्यांच्या खोलीत असले आरसे-कवड्यांचे धुळीचे कपडे डॉक्टर येऊ देतील का? शेवटचं मी ठोकून दिलं, पण खोटंही नसेल.

ती म्हणाली, "त्याईले काय वाटंल?"

मी म्हटलं, "त्याईले तू पाह्याची हायेस का तुही चांदी?"

यावर तिनं माझा हात सोडला. घुगरी सोडवायला अर्धा तास लागला. दंडावरच्या बांगड्या लग्नापासून निघालेल्या नव्हत्या, साबण लावून एकेक ओढावी लागली. खाली कातडी पांढरी पडली होती. रुपीच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. साबण गेला असेल, मी पदरानं पुसलं.

लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून मी स्वतः न मानत असलेल्या गोष्टीही केल्या. तिला ठसठशीत कुंकू लावलं आणि दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. आरशात पाहा म्हटलं तर मान वर केली नाही. अगदी कुणब्याघरची सून दिसत होती.

निजण्याआधी पिशवी तपासली तर पातळाच्या घडीत घुगरी लपवलेली सापडली. काढून तिच्या बाकीच्या कपड्या-बांगड्यांसोबत माझ्या ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं.

गुरुवार, १४ मे, नागपूर

पोचलो! ऊन मरणाचं होतं, मोटरीत शेजारचा म्हातारा ओकला, वर्ध्याला गाडी दीड तास उशिरा आली, पण रुपीला साधं डोकंसुद्धा दुखलं नाही. एक पिशवी, ती मांडीवर. ओला पंचा डोक्यावर, त्यावरून पदर. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. महिला मंडळासाठी यावर एक पत्रक लिहायला हवं.

दिवसभरात रुपी चार शब्द बोलली असेल. डब्यात तिच्या बोलीच्या दोन बायका होत्या, पूर्ण पोशाखातल्या. त्यांनी तिला काही विचारलं नाही. ती माझ्या आड सरकून बसली. थकली असेल. धर्मशाळेत उतरलोय. सकाळी नऊला भेटायची वेळ.

शुक्रवार, १५ मे

काय झालं ते मला नीट समजलेलं नाही, जसं पाहिलं तसं लिहिते.

लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना खाटा. देवसिंग शेवटून तिसरा. बायको येणार हे त्याला कालच सांगितलं होतं, म्हणून त्यानं वॉर्डबॉयकडून दाढी करून घेतली होती, केसांना तेल लावलं होतं, आणि पाठीला उशी लावून दाराकडं तोंड करून बसला होता. हाडांचा सापळा झालाय. पण डोळ्यांत जीव होता, ते मी पाहिलं.

आम्ही आत शिरलो. त्यानं मला ओळखलं, हात जोडले. मग माझ्या मागं पाहिलं, रुपीच्याही मागं दारापर्यंत पाहिलं, जणू ती अजून यायची आहे. मी म्हटलं, "भाऊ, हे काय रुपी."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. कानांजवळ पाहिलं, मग दंडांकडं. त्याचा चेहराच विझला. अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "म मरगो कांई?"

रुपी खाटेच्या पायथ्याशी खाली बसली आणि त्यांच्या बोलीत भराभरा बोलायला लागली. दोनदा माझ्याकडं बोट केलं. जमनीचं नाव घेतलं. त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तो भिंतीकडं तोंड करून निजला. डॉक्टर कागद आणि शाईची पेटी घेऊन आले, तेव्हा त्यानं अंगठा आत घेऊन मूठ मिटली. दोघांनी मिळून ती सहज उघडली असती, त्याच्या अंगात तेवढं बळच उरलं नव्हतं. पण असं करता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मी रुपीला बाहेर विचारलं, तो काय म्हणाला? ती म्हणाली, "काई नाई बाई."

डॉक्टर म्हणतात, या रोगात मन असं खचतं. तिनं आल्या आल्या रडायला नको होतं.

शनिवार, १६ मे

आज पुन्हा तेच. डॉक्टरांनी हात जोडले, इतका भला माणूस आहे. देवसिंग त्यांच्याशी हिंदीत बोलला. "मेरा तो हो गया साब. घरवालों ने कर दिया." डॉक्टरांना वाटलं, तापात बरळतोय. मलाही वाटलं. रुपीनं खाटेजवळ बसून चिवडा त्याच्या हातात ठेवला, तो त्यानं तसाच चादरीवर ओतला.

मला त्याचा राग आला. एवढ्या उन्हात बाई आली, मी माझ्या रजेतून आले, आणि हा रुसून बसतो.

रविवार, १७ मे, परत राळेगाव

गाडीत वर्ध्याच्या अलीकडं कधीतरी रुपी पहिल्यांदा आपणहून बोलली. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बाई, घुगरी लहान होती. पिशवीत मावली असती."

मी म्हटलं, "चोरीला गेली असती तर?" तिनं डोळे मिटून घेतले. मीही डोळे मिटून घेतले, झोप मात्र लागली नाही.

खोलीवर आल्या आल्या तिनं आपले कपडे मागितले. मी ट्रंक उघडून दिली. बांगड्या चढेनात तर दंड रक्ताळेपर्यंत ओढत राहिली. मी साबण पुढं केला, तो घेतला नाही. घुगरी स्वतःच गुंफली, आरसा न पाहता.

सोमवार, १ जून

देवसिंग गेला. शुक्रवारी सकाळी.

रामधन शेवटी त्याच्याजवळ होता. तिकडंच सगळं करून परतताना आज कचेरीत आला. पाणी दिलं तर प्यायला नाही. उभ्यानंच विचारलं, "बाई, माह्या भावजयीची घुगरी कोनं काढली?"

मी विचारलं, "कायले?"

"आमच्यात मालक मेल्यावर काढतात थे. घुगरी बी अन् दंडाचा चुडा बी. तांड्याच्या बायका जमा होऊन काढतात. भाऊ मले म्हणे, रुपी माहं सुतक करून आली. तुमी समद्याईनं मले मेला समजून टाकलं, मंग डाक्टरले कायले छाती फाडू देऊ? लय समजावलं मी. आयकलं नाई त्यानं."

तो गेला. मी दार लावून घेतलं.

मला माहीत नव्हतं. हे मी दहा वेळा स्वतःशी म्हटलं. पण तिनं सांगितलं होतं. हात धरून सांगितलं होतं, काढायचं नसतं. मी कारण विचारलं ते उत्तर ऐकण्यासाठी नव्हतं. "म मरगो कांई" म्हणजे "मी मेलो का", हे कळायला काही पंडित लागत नव्हता. चौदा दिवस तो माणूस भिंतीकडं तोंड करून मरणाची वाट पाहत होता, आणि मी इथं पत्रकाचा मसुदा करत होते. मला स्वतःची किळस येते.

शनिवार, ६ जून

उद्या तांड्यात पंच बसणार आहेत. हरिसिंग नाईकांनी मलाही बोलावलंय. मी सगळं खरं सांगणार आहे. काय बोलायचं ते चार ओळींत लिहूनही ठेवलं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "जपून बोला. तांड्यात एकदा नाव खराब झालं की तिथली बालवाडी बंद, आणि मग तुमची नेमणूक कशासाठी, असं वरून विचारतील." ते मला ठाऊक आहे. तरी सांगणार.

रविवार, ७ जून

निकाल आधी लिहिते. रुपीला उद्या माहेरी पाठवणार. नवरा जिवंत असताना जिनं त्याचा चुडा उतरवला तिला या तांड्यात जागा नाही. जमनी आजीजवळ राहील, ती या घराची पोर आहे. रुपीला तिला भेटायला येता येणार नाही.

आता बाकीचं.

लिंबाखाली सगळे बसले होते. मला बाज दिली. रुपी समोर जमिनीवर. हात उघडे, केस मोकळे, साधी ओढणी. धुरपताबाई तिच्याकडं पाठ करून बसली होती. नाईक ओरडले नाहीत, त्यांचा आवाज रडवेला होता. देवसिंग त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला.

ते म्हणाले, "रुपी, कोनं काढलं थे सांग. दुसऱ्या कोनाच्या हातून, आमची रीत ठाऊक नसताना झालं असंल, तर थे पाप नोहे. त्याले माफी हाय. आमी दंडबी घेनार नाई. आपल्या हातानं केलं असंल तर मातर माहा इलाज नाई."

हे बोलताना ते माझ्याकडंच पाहत होते. त्यांना कळलं होतं. माझ्यासाठी त्यांनी दार उघडून ठेवलं होतं, मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

रुपीनंही माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सगळे तांडेकरी, त्यांच्या मागं पोरं, बाजूला धुरपताबाई. भरोशावर पाठवते म्हणाली होती ती. म्हटलं, जरा श्वास घेते, मग बोलते.

तेवढ्यात रुपी म्हणाली, "मीच काढलं. गरमी होत होती."

धुरपताबाईनं कपाळावर हात मारून घेतला. नाईक माझ्याकडं वळले. मग त्यांनी मला विचारलं, "विमलताई, तुमी संगं होत्या. हे खरं बोलून राह्यली का?"

तेव्हाही वेळ होती.

मी हो म्हणाले.